अमेरिकेने मुजाहिदीनना गुपचूप शस्त्रं दिली नसती तर रशिया अफगाणिस्तानातून गेला असता का?

माझ्या मते गेला असता. उशिरा गेला असता, पण गेला असता. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाची फौज तिथल्या कम्युनिस्ट राजवटीला टिकवायला घुसली, १९८९ मध्ये परत गेली; मुजाहिदीन म्हणजे तिच्याशी लढणारे अफगाण बंडखोर.) प्रश्नात तुम्ही लिहिलंय की खांद्यावरून डागून विमान-हेलिकॉप्टर पाडणाऱ्या अमेरिकन स्टिंगर मिसाइलमुळेच युद्ध फिरलं असं सगळे म्हणतात. खरं तर त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय, कारण हेच वाक्य आमच्या घरात एका माणसाच्या तोंडावर फेकलं गेलं होतं आणि मी तेव्हा गप्प बसलो होतो.

२००९ साल. आम्ही कोंढव्यात तळमजल्यावर राहायचो. तेव्हा पुण्यात किती अफगाण पोरं शिकायला यायची हे पुणेकरांना सांगायला नको. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर तिघं भाड्यानं राहत होते, त्यातल्या एकाला आमच्या आईचा डबा होता. त्याचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले. लिफ्ट नाही, तीन जिने चढवत नाहीत, म्हणून हॉस्पिटलमधून सोडल्यावर आईनं त्यांना सरळ आमच्याच हॉलमध्ये दिवाण दिला. पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत दहा-बारा वर्षं काढलेली, त्यामुळे उर्दू झकास बोलायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची, मी चाचा.

चाचा लोगर प्रांतातले. १९८३ ते ८७ त्यांनी खेचरं हाकली. म्हणजे पाकिस्तानात पाराचिनारच्या पुढे सरहद्दीला तेरी मंगल म्हणून ठिकाण आहे, तिथपर्यंत माल ट्रकनं यायचा, पुढे गाडीरस्ता नाही, मग खेचरं, घोडे आणि जनावर कमी पडलं की माणसाची पाठ. जाजीच्या डोंगरांतून लोगरपर्यंत. दिवसा वरून हेलिकॉप्टर फिरायचं म्हणून रात्री चालायचं, आणि पायवाटेवर त्या हिरव्या, फुलपाखराच्या आकाराच्या छोट्या सुरुंगांची भीती, जे रशियन विमानातून टाकायचे आणि जे पोरं खेळणं समजून उचलायची.

एक दिवस आमचे मामा आले. मामा मावळातून इंद्रायणी तांदूळ आणायचे, एक पोतं आमच्याकडे उतरवलं, दुसरं त्यांच्या घरी न्यायचं होतं आणि ते स्कूटरच्या मागच्या सीटवर राहीना, सारखं एका बाजूला कलायचं. चाचा दारातून बघत होते. वॉकर घेऊन पार्किंगपर्यंत आले, दोरी मागितली. दोरी सीटखालून घेतली, पोत्यावर फुली मारली, वरून आवळली, गुडघा टेकवायची सवय असणार पण गुडघा चालत नव्हता म्हणून कोपरानं दाबलं, आणि शेवटी सुरगाठ मारून एक टोक हातभर बाहेर ठेवलं. पोतं हलेना. मामा खूश. मी विचारलं हे टोक कशाला, तर म्हणाले, जनावराला गोळी लागली किंवा ते दरीकडे घसरायला लागलं तर गाठी सोडत बसायला वेळ नसतो, एक झटका दिला की सगळं ओझं खाली आलं पाहिजे. "खच्चर चला जाए तो जाए, पेटी नहीं जानी चाहिए." पेटीमागे कमांडर हिशोब मागायचा, खेचर चाचांचं स्वतःचं असायचं.

मग चहा. मामांनी विचारलं, पेट्यांत काय असायचं? चाचा म्हणाले, जास्त करून एकशे सात एमएमची रॉकेटं, एक रॉकेट एकोणीस किलोच्या आसपास, एका खेचरावर चार, दोन या अंगाला दोन त्या अंगाला. अमेरिकन? नाही, चिनी. अमेरिकेचं नाव असलेली वस्तू त्यांनी पहिली तीन वर्षं पाहिलीच नव्हती. आणि ते बरोबरच आहे, कारण सगळा खेळच तसा होता, सीआयए पैसे द्यायची पण माल चीनकडून, इजिप्तकडून घ्यायची, म्हणजे तो रशियन बनावटीचा किंवा रशियन नमुन्यावरचा असेल आणि पकडला गेला तरी अमेरिकेला हात वर करता येतील. सौदी अरेबिया डॉलरला डॉलर घालायचा. आणि वाटप जवळजवळ पूर्ण आयएसआयच्या, म्हणजे पाकिस्तानी गुप्तचर संस्थेच्या हातात, अमेरिकन माणसानं सरहद्दीपलीकडे जायचं नाही अशी पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांची अट.

हे मामांना पटलं नाही. मामा सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले, वाचन भरपूर, आवाज मोठा. म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण स्टिंगर आलं आणि रशिया पळाला. त्याआधी तुम्ही काय केलं? नुसती हमाली. अमेरिकेची हमाली." हे त्यांनी हिंदीत सांगितलं, चाचांना समजावं म्हणून. आणि वर म्हणाले, "उरलेल्या बंदुका तुम्हीच काश्मीरमध्ये पाठवल्या."

चाचांनी कप खाली ठेवला. अर्धा होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, मुझे ऊपर छोड़ दो." मी आणि त्यांच्या पोरानं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांना तीन मजले वर नेलं, टाके ओले असलेला माणूस, प्रत्येक वळणावर कठडा धरत होता. त्यानंतर ते आमच्या घरात आले नाहीत. दहा दिवसांनी परत गेले. आई वर जाऊन भेटून आली, मी गेलो नाही, काय बोलणार होतो. चोवीस वर्षांचा होतो, मला यातलं काही माहिती नव्हतं. नंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं, ते त्या दिवसासाठी.

तर आता मामांना उत्तर, आणि तुम्हालाही.

पहिली गोष्ट, लढाई अमेरिकेनं सुरू केलेली नाही. मार्च १९७९ मध्ये हेरातमध्ये कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठाव झाला, तिथली सरकारी पलटणच फुटून लोकांना मिळाली, मुजाहिदीन कमांडर इस्माईल खान तिथूनच पुढे आला. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी मुजाहिदीनना मदतीच्या पहिल्या आदेशावर सही केली ३ जुलै १९७९ ला. तीही शस्त्रं नव्हेत, रेडिओ, औषधं, रोख पैसे असली मदत, लाखांमधले डॉलर. रशियन फौजा आल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, २७ तारखेला तेव्हाचा कम्युनिस्ट सत्ताधारी अमीन याला त्याच्याच महालात मारलं आणि त्याच्या जागी बबराक करमालला बसवलं. म्हणजे लोक आधी उठले, पैसा नंतर आला.

दुसरी गोष्ट स्टिंगरची. पहिलं स्टिंगर उडालं सप्टेंबर १९८६ मध्ये, जलालाबाद विमानतळाजवळ. आता मागे चला. ऑक्टोबर १९८५ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह पॉलिट ब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या बैठकीत मेलेल्या सैनिकांच्या आयांची पत्रं वाचून दाखवत होते आणि करमालला सांगत होते की तुमचं तुम्ही सांभाळायची तयारी करा. फेब्रुवारी १९८६ मध्ये पार्टी काँग्रेससमोर त्यांनी अफगाणिस्तानला वाहती जखम म्हटलं. मे १९८६ मध्ये करमालला हटवून नजीबुल्लाहला आणलं. स्टिंगर तेव्हा कुठं होतं? मामा, ते गुदामातसुद्धा आलेलं नव्हतं. रशियाचा दम काढला तो आधीच्या सहा-सात वर्षांनी, लाखभर फौज, पंधरा हजारांच्या आसपास मेलेले सैनिक, आणि दिवसा ताब्यात घेतलेलं गाव रात्री हातातून जायचं. ते ज्या मालावर चाललं तो माल चाचांसारख्यांच्या खेचरांवर गेला. त्याला हमाली म्हणायची असेल तर म्हणा, पण मग युद्ध हमालांनी जिंकलं असंही म्हणावं लागेल.

तिसरी गोष्ट काश्मीरच्या बंदुकांची. या आरोपाचा मला अजून राग येतो, कारण बंदुका खरंच आल्या, पंजाबमध्ये आल्या, काश्मीरमध्ये आल्या, त्यात वाद नाही. पण कुठून? माल कराचीला जहाजानं उतरायचा, तिथून ट्रकनं किंवा रेल्वेनं रावळपिंडीजवळच्या ओझरी कॅम्प या शस्त्रगोदामाला किंवा क्वेट्याला, मग पेशावरमधल्या सात मुजाहिदीन पार्ट्यांच्या गोदामांत, आणि मग तेरी मंगल. खेचरवाला या साखळीत अगदी शेवटचा. नळ ज्याच्या हातात होता त्यानं किती पाणी कुठं वळवलं हे शेवटच्या माणसाला विचारून काय उपयोग? पेशावरजवळच्या दारा आदमखेलच्या शस्त्रबाजारात पैसे टाकून काय वाट्टेल ते मिळायचं. १० एप्रिल १९८८ ला ओझरी कॅम्पचा स्फोट झाला, रावळपिंडी-इस्लामाबादवर रॉकेटांचा पाऊस पडला, माणसं मेली, आणि नेमका किती माल तिथं होता याचा हिशोब लोकांसमोर कधी आला नाही.

आणि वाटप कसं होतं? छावणीत सातपैकी एका पार्टीचं कार्ड घेतल्याशिवाय रेशन मिळणं मुश्कील. चाचांकडे गैलानींच्या पार्टीचं कार्ड होतं. ती पार्टी आयएसआयला फार आवडत नव्हती, त्यामुळे त्यांच्या काफिल्याला कधी आठ-आठ दिवस तेरी मंगलला बसून राहावं लागायचं आणि शेजारी दुसऱ्या पार्टीचा नेता हिकमतयार याची खेचरं भरून निघून जायची. सगळ्यात मोठा वाटा हिकमतयारला. का, तर तो पाकिस्तानला सोयीचा. आणि ह्याच हिकमतयारनं १९९२ नंतर काबूलवर रॉकेटं टाकली, हजारो लोक मारले. रशियनांनी काबूल शहर जेवढं मोडलं नव्हतं तेवढं त्या चार वर्षांत मोडलं. मला विचाराल तर अमेरिकेची चूक पैसे देण्यात नव्हती, पैसे देऊन वाटपाची चावी दुसऱ्याला देण्यात होती. १९८० मध्ये काही कोटी डॉलर, १९८७ मध्ये वर्षाला ६३ कोटी, एकूण तीन अब्जांच्या आसपास, आणि एवढ्या पैशांत कुणाला मोठं करायचं हे ठरवत होता एक हुकूमशहा, ज्याला अफगाणिस्तान स्वतःच्या पायावर उभा राहायला नको होता.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. शस्त्रं आली नसती तर? लढाई हेरातसारखीच सुरू राहिली असती, ली-एनफिल्डच्या जुन्या रायफलींवर आणि पळून आलेल्या अफगाण सैनिकांच्या हत्यारांवर. रशियाला स्वस्त पडलं असतं, म्हणून जास्त वर्षं राहिला असता, आणि गावं अजून रिकामी झाली असती. तरी तीसेक लाख लोक पाकिस्तानात आणि वीसेक लाख इराणमध्ये पळून गेलेच होते. रशिया गेला तो पैशांअभावी आणि मॉस्कोतल्या बदलामुळे जास्त, असं मला वाटतं. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत सेनापती जनरल ग्रोमोव्ह सरहद्दीवरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीतल्या तेरमेझला परत गेला, आणि नजीबुल्लाह त्यानंतरही तीन वर्षं टिकला, मार्च १९८९ ला जलालाबादवर मुजाहिदीन तुटून पडले तरी ते शहर पडलं नाही. नजीबुल्लाह पडला तो १९९२ मध्ये, सोव्हिएत संघ बुडून मॉस्कोची रसद बंद झाल्यावर. म्हणजे बाहेरचा पैसा दोन्ही बाजूंना होता, हे लोक विसरतात.

शिकत असाल आणि यावर निबंध-बिबंध लिहिणार असाल तर एवढं करा, डॉलरचा आकडा लिहिल्यावर तिथेच थांबू नका, माल कुठल्या हातातून कुठल्या हातात गेला ते लिहा. आणि घरात कुणी मोठ्या आवाजात एका वाक्यात युद्ध संपवत असेल तर तारीख विचारा. तेवढं मी तेव्हा विचारायला हवं होतं.

आता दोन-तीन गोष्टी ज्या सांगितल्याशिवाय हे उत्तर अप्रामाणिक होईल. स्टिंगर बिनकामाचं होतं असं माझं म्हणणं नाही. ते आल्यावर हेलिकॉप्टर उंचावरून जायला लागली, रात्री उडायला लागली, आणि चाचाच म्हणाले होते की शेवटच्या हिवाळ्यात पहिल्यांदा ते उजाडल्यानंतरही तासभर चालू शकले. त्यांच्यासाठी तो तास फार मोठा होता. दुसरं, चाचांचा अनुभव एका वाटेवरचा, एका पार्टीतला. पंजशीर खोऱ्यात कमांडर अहमद शाह मसूदचं वेगळं होतं, त्यानं १९८३ मध्ये रशियनांशी तहसुद्धा केला होता आणि आयएसआयनं त्याला कधी मोकळ्या हातानं दिलं नाही. तिसरं, अमेरिकेनं तालिबान बनवले, लादेनला पगार दिला, असलंही माझ्या नावावर खपवू नका. तालिबान १९९४ ला कंदहारमध्ये उभे राहिले, अरबांचा पैसा वेगळ्या वाटेनं यायचा. मुजाहिदीन कमांडर जलालुद्दीन हक्कानीला मात्र सीआयएनं पैसे दिले, ते खरं आहे.

आणि मामांबद्दल. मामांच्या गावातला एक मुलगा काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गेला, मामा त्याच्या अंत्यविधीला होते. तो राग खरा होता. तो चुकीच्या माणसावर निघाला एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी पंधरा वर्षं मनात ठेवलं. चाचा वारले, त्यांच्या पोरानं फोन करून आईला कळवलं, तेव्हाही मामांसमोर विषय निघाला नाही. मामांना मोबाइलवर वाचता येत नाही हल्ली, डोळे गेलेत, म्हणून रविवारी जाऊन हे त्यांना मी वाचून दाखवणार आहे. मामा, त्या संध्याकाळी तुमचं पोतं त्यांच्याच गाठीवर घरी गेलं, खड्ड्यांतून गेलं तरी जागचं हललं नाही, हे तुम्हीच रात्री आईला फोनवर सांगितलं होतं.