प्रशिक्षकाचा मुलगा पात्र असेल, तर त्याला वडिलांची जागा का देऊ नये?

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत असेल, तर त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या मुलाला ती जागा द्यावी का, असे आपण विचारले आहे. मुलगा खरोखर पात्र असेल, तर केवळ मुलगा म्हणून त्याला डावलणे हाही अन्यायच नाही का, असेही आपण पुढे म्हटले आहे. माझे उत्तर असे की वडिलांच्या हाताखालून उठवून त्याला थेट त्या जागेवर बसवू नये. तो अपात्र असतो असे माझे म्हणणे नाही. वडिलांच्या हाताखाली असेपर्यंत तो पात्र आहे की नाही, हे कोणालाही, अगदी त्याला स्वतःलाही, नीट कळू शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे बरीच वर्षे राहतो. आयोवा विद्यापीठाचे किनिक स्टेडियम येथून गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि शरद ऋतूतले माझे अनेक शनिवार तिथे गेले आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. हा फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळला जातो तो नव्हे. हा लंबगोल चेंडूचा खेळ आहे, ज्यात आक्रमण करणारे अकरा जण वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि प्रत्येक विभागाचे सहप्रशिक्षकही वेगळे असतात. आक्रमणाची सर्व आखणी ज्याच्याकडे असते त्याला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात, आणि या सर्वांच्या वर मुख्य प्रशिक्षक असतो. अनेक राज्यांत हा मुख्य प्रशिक्षकच सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर असतो. आयोवातही तसेच आहे. आयोवा हे सरकारी विद्यापीठ आहे, आणि मुलाची नेमणूक हा घरचा मामला राहत नाही तो याचमुळे.

कर्क फेरेंट्झ 1999 साली हेडन फ्राय यांच्यानंतर आयोवाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचा मुलगा ब्रायन याच संघात खेळला, नंतर न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात त्याने प्रशिक्षणाचे काम केले आणि 2012 साली तो वडिलांकडे परत आला. 2017 मध्ये संपूर्ण आक्रमण त्याच्याकडे सोपवले गेले. नातेवाइकाला नातेवाइकाच्या हाताखाली ठेवण्यास विद्यापीठाचे नियम आड येत असल्यामुळे, कागदोपत्री ब्रायनचे वरिष्ठ कर्क नव्हते, तर क्रीडा विभागाचे संचालक गॅरी बार्टा होते. या एका व्यवस्थेवर मी पुष्कळ विचार केला आहे. वडिलांना कामातल्या उणिवा दिसतात, पण औपचारिक मूल्यमापन करण्याचा अधिकार त्यांना नाही. संचालकांना अधिकार आहे, पण ते सरावाला नसतात, खेळाच्या चित्रफिती पाहायला बसत नाहीत, आणि पंचवीस वर्षे संघ चालवणाऱ्या माणसाच्या मुलाविषयी त्याच माणसाला न दुखावता बोलण्याचे बळ फार थोड्यांत असते. नियम पाळला गेला. ज्याच्यासाठी तो केला होता, ते मात्र साधले नाही.

ब्रायनच्या बाजूने जे बोलायला हवे ते आधी बोलतो. त्याच्या पहिल्याच हंगामात, नोव्हेंबर 2017 मध्ये, आयोवाने ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाला 55-24 असे हरवले. त्या दिवशीचे आक्रमण मी आजही विसरलेलो नाही, इतके ते कल्पक होते. परंतु त्या विजयाचे श्रेय लोकांनी कर्क यांना दिले, आणि पुढे अपयश आले तेव्हा ते मात्र एकट्या ब्रायनच्या पदरात पडले. वडिलांच्या सावलीत काम करणाऱ्या मुलाचा हिशेब असाच उलटा लागतो. यश आले तर ते घराण्याचे होते, आणि अपयश आले तर ‘वशिल्याने आला म्हणून असे झाले’ म्हणायला सगळे मोकळे असतात.

2022 च्या हंगामाचा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटशी होता आणि मी प्रेक्षकांत होतो. आयोवाने तो 7-3 असा जिंकला. या खेळात सात हा आकडा सहसा एका टचडाउनने (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की मिळणारे सहा गुण) आणि त्यावरच्या जादा गुणाने होतो. त्या दिवशी तो लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांच्या एका फील्ड गोलने आणि बचाव फळीने दोनदा मिळवलेल्या दोन-दोन गुणांनी झाला. म्हणजे सातांपैकी चार गुण आक्रमणाने मिळवलेलेच नव्हते. जिंकत असलेल्या स्वतःच्याच संघाची हुर्यो उडवणारे प्रेक्षक मी प्रथमच ऐकले. माझे लक्ष मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कर्क यांच्याकडे जात होते. मुलाच्या नावाने हजारो लोक ओरडत असताना चेहऱ्यावरची रेषाही न हलवता पुढच्या खेळीचा विचार करणे ज्या बापाला भाग पडते, त्याच्याविषयी मला राग येऊ शकला नाही, आणि मुलाविषयी तर नाहीच. त्या दोघांना अशा जागी आणून उभे करणाऱ्या व्यवस्थेचा मला राग आला.

त्यानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये जे घडले, ते अमेरिकेतही विलक्षण मानले गेले. ब्रायनचा वार्षिक पगार 9,00,000 डॉलरवरून 8,50,000 डॉलर करण्यात आला आणि करारात अट घालण्यात आली की संघाने पुढच्या हंगामात दर सामन्याला सरासरी 25 गुण मिळवले पाहिजेत आणि किमान सात सामने जिंकले पाहिजेत. त्या सरासरीत बचाव फळीने मिळवलेले गुणही धरले जाणार होते. एका प्रौढ, अनुभवी प्रशिक्षकाच्या कामाची पारख समोर बसून, खेळ समजून, शब्दांत करणे कोणालाच शक्य झाले नाही, म्हणून ती एका आकड्यावर सोपवली गेली. पुढे वर्षभर देशातल्या क्रीडावाहिन्या प्रत्येक सामन्यानंतर त्या आकड्याचा हिशेब मांडत राहिल्या. ऑगस्टपासून संचालकपद हंगामी म्हणून सांभाळणाऱ्या बेथ गेट्स यांनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी, संघाने आठपैकी सहा सामने जिंकलेले असताना, हंगामानंतर ब्रायन पदावर राहणार नाही असे जाहीर केले. हंगामाच्या मध्यावर असे जाहीर करणे कर्क यांना रुचले नाही, हे त्यांनी लपवले नाही. संघाने त्या वर्षी दहा सामने जिंकले आणि चार गमावले, पण सरासरी 15.4 गुणांची राहिली, आणि शेवटच्या दोन मोठ्या सामन्यांत, मिशिगन आणि टेनेसी यांच्याविरुद्ध, एकही गुण मिळाला नाही.

गेट्स यांचा निर्णय मला योग्य वाटतो. तो निर्णय बाहेरून आलेल्या व्यक्तीला घ्यावा लागला, हेच माझ्या उत्तराचे मर्म आहे. दुसऱ्या कोणत्याही सहप्रशिक्षकाच्या बाबतीत असा निर्णय मुख्य प्रशिक्षक स्वतः, दार बंद करून, दोन वर्षे आधीच घेऊ शकला असता, आणि त्या सहप्रशिक्षकाची जाहीर शोभा टळली असती.

हे एकट्या आयोवातच घडले असे नाही. फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन हे या खेळातले फार मोठे नाव. 1987 ते 2000 अशी सलग चौदा वर्षे त्यांचा संघ देशातल्या पहिल्या पाचांत राहिला. 2001 मध्ये त्यांनी आक्रमणाची सूत्रे मुलगा जेफ याच्याकडे दिली. संघाची घसरण होत गेली, आणि नोव्हेंबर 2006 मध्ये घरच्या मैदानावर वेक फॉरेस्टकडून 30-0 असा पराभव झाल्यावर जेफने राजीनामा दिला. घसरणीला एकटा जेफ कारणीभूत होता असे मी मानत नाही. मात्र पुढच्याच वर्षी विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना आणले आणि बॉबी पदावर असतानाच त्यांना भावी मुख्य प्रशिक्षक म्हणून जाहीर केले.

याच बाउडन कुटुंबातील दुसरी हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते. बॉबी यांचे दुसरे दोन मुलगे, टेरी आणि टॉमी, यांनी बाहेर नाव काढले. टेरीने 1993 साली ऑबर्नमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात अकराच्या अकरा सामने जिंकले. टॉमी टुलेनहून क्लेमसनला गेला, आणि 1999 साली वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्रथमच बाप आणि मुलगा मुख्य प्रशिक्षक म्हणून एकमेकांसमोर उभे राहिले. तो सामना बॉबी यांनी 17-14 असा जिंकला आणि तो त्यांचा तीनशेवा विजय ठरला. हा धरून या दोघांत एकूण नऊ सामने झाले. पाच बापाने जिंकले आणि चार मुलाने. बापाला चार वेळा हरवलेल्या टॉमीला तू वशिल्याने आलास असे कोण म्हणणार? एकाच घरात, एकाच माणसाकडे पाहून शिकलेले हे भाऊ. त्यांच्यापैकी कोणाची बुद्धी कमी होती हे मला ठाऊक नाही, पण दोघांना आपली योग्यता दाखवता आली आणि जेफला ती संधी मिळालीच नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारे उदाहरण. ओहायोतील अलायन्स या गावात माउंट युनियन नावाची छोटी संस्था आहे. ती तिसऱ्या श्रेणीत खेळते, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. तिथे लॅरी केरेस यांनी 1986 ते 2012 या काळात 332 सामने जिंकले, केवळ 24 गमावले आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्यानंतर 2013 साली मुख्य प्रशिक्षक झाला तो त्यांचा मुलगा व्हिन्स, जो 2005 पासून तिथेच बचाव फळी सांभाळत होता. आणि तेव्हा क्रीडा विभागाचे संचालक होते स्वतः लॅरी. माझ्या कसोटीवर ही नेमणूक मुळीच उतरत नाही. तरीही व्हिन्सने सात हंगामांत 95 सामने जिंकले, सहा गमावले, आणि 2015 व 2017 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मी हे उदाहरण टाळू शकत नाही आणि टाळू इच्छितही नाही. मला एवढेच दिसते की व्हिन्सकडे बचाव होता आणि त्या बचावाचे यश आठ वर्षे आकड्यांत सर्वांसमोर होते. शिवाय तिथे पैसा, वाहिन्या आणि राज्यभराच्या अपेक्षा यांचे ओझे फार कमी होते. तरीही, निकाल चांगला लागला म्हणून नेमणुकीची पद्धत योग्य ठरते असे मला वाटत नाही. बास्केटबॉलमध्येही दोन्ही प्रकार दिसतात. वॉशिंग्टन स्टेटमध्ये डिक बेनेट यांच्यानंतर 2006 साली आलेला मुलगा टोनी पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाला घेऊन 2019 चा राष्ट्रीय विजेता झाला. टेक्सस टेकमध्ये बॉब नाइट यांची जागा 2008 साली मुलगा पॅट याला मिळाली आणि तीन वर्षांत त्याला काढावे लागले. निकालांची बेरीज-वजाबाकी करून हा प्रश्न सुटत नाही.

मुलाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, त्यांत सातत्याचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठ निवडतो तेव्हा बहुतेकदा तो प्रशिक्षकावर विश्वास टाकतो. प्रशिक्षक बदलला की, विशेषतः 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी व्यवस्था, सुरू झाल्यापासून, अर्धा संघ दुसरीकडे निघून जाण्याची भीती असते. राज्यातल्या शेकडो शाळांच्या प्रशिक्षकांशी वडिलांचे जे संबंध असतात, ते मुलाला आपोआप लाभतात. हे सारे खरे आहे. परंतु हे सातत्य मुलाखेरीज दुसरा जुना सहकारीही देऊ शकतो. आणखी एक गोष्ट या चर्चेत कोणी काढत नाही, ती म्हणजे खेळाडूंची. संघातल्या एखाद्या मुलाला सहप्रशिक्षकाच्या वागणुकीविषयी तक्रार करायची असेल तर तो मुख्य प्रशिक्षकाकडे जातो. तो सहप्रशिक्षक मुख्य प्रशिक्षकाचाच मुलगा असेल, तर एकोणीस वर्षांचा तो पोर कोणाचे दार ठोठावणार? उद्या तोच मुलगा मुख्य प्रशिक्षक होणार हे सर्वांना ठाऊक असेल, तर इतर सहप्रशिक्षकही त्याच्या चुकीकडे बोट दाखवणार नाहीत, कारण त्यांची पुढची नोकरी त्याच्याच हाती असणार.

म्हणून डावलणे आणि थेट बसवणे यांच्या मधली वाट मी सुचवतो. मुलाने दुसऱ्या विद्यापीठात, ते लहान असले तरी चालेल, मुख्य प्रशिक्षक म्हणून किमान चार वर्षे काढावीत. कारण त्याने स्वतः निवडून आणलेली मुले शिक्षण पुरे करून बाहेर पडायला तेवढा काळ लागतो आणि तोवर संघ पूर्णपणे त्याचा झालेला असतो. लू होल्ट्झ यांचा मुलगा स्किप कनेटिकटचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून 1999 मध्ये साउथ कॅरोलायनाला वडिलांच्या मदतीला आला. 2004 च्या हंगामानंतर वडील निवृत्त झाले तेव्हा ती जागा स्टीव्ह स्पुरिअर यांना मिळाली. तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. स्किप ईस्ट कॅरोलायनाला गेला आणि 2008 व 2009 अशी दोन्ही वर्षे त्याने आपल्या गटाचे विजेतेपद जिंकले, आणि ते त्याचे स्वतःचे होते.

कर्क फेरेंट्झ यांचा करार 2029 च्या हंगामापर्यंत आहे. 2024 पासून आक्रमण टिम लेस्टर यांच्याकडे आहे आणि पहिल्याच वर्षी संघाची सरासरी 25 गुणांच्या वर गेली. कर्क यांच्यानंतर कोण, ही चर्चा इथे आतापासूनच ऐकू येते. तोवर ब्रायन कुठे तरी मुख्य प्रशिक्षक झाला, स्वतःच्या बळावर चार-पाच हंगाम त्याने उभे केले, आणि निवड समितीपुढे इतर उमेदवारांबरोबर त्याचाही अर्ज आला, तर मी त्याला मुळीच विरोध करणार नाही. त्याची मुलाखत मात्र अशा लोकांनी घ्यावी ज्यांच्यापैकी एकानेही त्याच्या वडिलांच्या हाताखाली काम केलेले नाही.