विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, पाणी उपसून टीसीएल टाकलं तर पुन्हा पिता येईल का?

नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जंतू मारते, पेट्रोलचं ती काही वाकडं करत नाही. आणि सध्या विहिरीवरची मोटरही चालू करू नका.

तुम्ही लिहिलंय की घर खानापूर रोडलगत आहे, वरच्या अंगाला पेट्रोल पंप आहे, विहीर जांभ्या दगडात खणलेली आहे आणि मे महिन्यात आलेला वास पहिल्या पावसानंतर वाढला. मी बेळगावचाच, भूजल तपासणीच्या कामात आहे. एवढ्या माहितीवरून अंदाज बांधता येतो.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. टाकीतून किंवा जमिनीखालच्या पाइपाच्या जोडातून गळालं की ते मातीत झिरपतं आणि खाली पाणी लागलं की त्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली जातं आणि वाटेत जांभ्याच्या भोकाभोकांत चिकटून राहतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की तेच पुन्हा सुटतं. म्हणून विहीर कितीही उपसा, खरी घाण पंप आणि विहीर यांच्यामधल्या जमिनीत बसलेली असते. उलट उपशामुळे विहिरीभोवतीची पातळी खाली जाते, चहूकडचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि पेट्रोलही त्याच्याबरोबर येतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत साचून राहते. गाळ काढायला कुणाला उतरवू नका. विहिरीत हवा आहे का बघायला दिवा सोडायची आपल्याकडची जुनी पद्धत इथे जिवावर बेतेल. मोटरच्या स्टार्टरची एक ठिणगीही पुरते.

आता पिण्याचं. पेट्रोलमधला सगळ्यात वाईट घटक बेंझिन, त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त 1 टक्का असू शकतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये आठ-नऊ ग्रॅम. तेवढं सगळं पाण्यात उतरलं तर आठ-नऊ लाख लिटर पाणी मर्यादेवर जाऊन पोचतं. आणि मर्यादेच्या कितीतरी पट जास्त असल्याशिवाय नाकाला कळतच नाही. त्यामुळे वास गेला म्हणून पाणी प्यायला लागू नका. उकळलं तर बेंझिन स्वयंपाकघराच्या हवेत येतं. आंघोळीलाही हे पाणी नको. नळाला रोज पाणी येत नाही तिथं विहीर सोडणं सोपं नाही, मला कळतं, पण निकाल येईपर्यंत टँकर बघा.

तालुक्याच्या लॅबमधली नेहमीची तपासणी क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू बघते, त्यात बेंझिन नसतं. ‘पाणी योग्य’ असा शेरा आला तर तो या प्रश्नाचा नव्हे. गॅस क्रोमॅटोग्राफ (असे घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असलेल्या लॅबकडून बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन तपासून घ्या. नमुना त्यांच्याच काचेच्या छोट्या बाटलीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात घालून न्यायचा. बिसलेरीच्या बाटलीत नेलात तर अर्धं वाटेतच उडून जाईल. पेट्रोल की गॅरेजचं डिझेल, हेही त्याच यंत्रावर कळतं.

पंपाकडे मागायच्या त्या दोनच गोष्टी: टाकी आणि पाइपांची दाबाखालची चाचणी, आणि रोजच्या डिपचं (टाकीतला साठा मोजल्याचं) रजिस्टर. साठ्यात सतत तूट दिसली तर बाकी वाद कमी होतो. पुढे किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात, म्हणजे पातळ्यांवरून पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते निघतं. जमिनीचा उतार आणि खालच्या पाण्याचा उतार एकच असेल असं धरून चालू नका.

साफसफाईत आधी गळती बंद, मग तरंगणारं पेट्रोल काढणं, मग मातीतली वाफ पंपानं ओढून घेणं, आणि खालच्या पाण्यात हवा सोडून जिवाणूंना पेट्रोल खायला मदत करणं. जांभ्यात वाफ ओढणं बऱ्यापैकी जमतं. खालच्या काळ्या दगडाच्या भेगांत पेट्रोल गेलं असेल तर काम वर्षांवर जातं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जिवाणू आधी ते खातात, बेंझिनची पाळी नंतर येते.

तक्रार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात द्या, प्रत ग्रामपंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकारी) आणि पंपाच्या तेल कंपनीला. दूषित जागांसाठी केंद्राचे 2025 चे नियम आता आहेत आणि घाण करणाऱ्यानं खर्च भरावा हे त्यांत आहे, त्याचा उल्लेख करा. अर्ज मराठीत द्यायचा हक्क आपलाच, पण प्रकरण लवकर हलायला हवं तर कन्नड प्रतही जोडा. इथं हट्ट धरायची वेळ नाही.

विहीर गेली म्हणून शेजारी लगेच बोअर मारायला निघतील, त्यांना थांबवा. केसिंग नीट बसलं नाही तर वर तरंगणारं पेट्रोल त्याच भोकातून खालच्या भेगांत उतरतं, आणि तिथून ते काढणं जवळजवळ अशक्य.