राजघाट पाहिल्यावर विजय घाटावर, म्हणजे लाल बहादूर शास्त्रींच्या समाधीवर, जाण्यात काही अर्थ आहे का? तिथे बघण्यासारखं काय आहे?

हाच प्रश्न २०१४ साली माझ्या थोरल्या भावाने दिल्लीत, भाड्याच्या गाडीत बसून विचारला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आमचे अण्णा शेतकरी. १९६५ मध्ये बावीस वर्षांचे होते. देश अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हावर, त्यात पाकिस्तानशी युद्ध. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगितलं आणि अण्णांनी सोडलं. पुढे देशात धान्य मुबलक झालं तरी त्यांचा सोमवार सुटला नाही. आई वैतागायची. ते म्हणायचे, "ज्यांनी धरा म्हणून सांगितलं, ते सोडा म्हणून सांगायला राहिले नाहीत."

दिल्लीतला तो दिवसही सोमवारच होता. राजघाट झाला: काळ्या संगमरवराचा चौथरा, 'हे राम', गर्दी, फोटो. दादा म्हणाला, "आता सरळ कुतुबमिनार. चौथरेच बघायचे तर गावात पार आहे की." अण्णा काही बोलले नाहीत. मीच गाडी नेहरूंच्या शांतिवनाच्या पुढे, विजय घाटावर न्यायला लावली.

आत हिरवळ, झाडं, समाधी आणि आम्ही तिघं. बाकी कोणी नव्हतं. अण्णांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग खाली बसून चौथऱ्याच्या कडेचं तण उपटायला लागले. मूठभर झालं तेव्हा उठले. दादा तोवर गाडीत जाऊन बसला होता.

तर, बघण्यासारखं फारसं काही नाही. तरी जा. रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारा, पंतप्रधान म्हणून जेमतेम १९ महिने मिळालेला, ताश्कंद करारावर सही करून काही तासांत, ११ जानेवारी १९६६ ला परक्या मुलखात प्राण सोडलेला माणूस आहे तो. त्याच्यासाठी अर्धा तास निघत नसेल तर राजघाटावरचा फोटोही काढू नका.

आणि बरोबर वडीलधारं माणूस असेल तर कुठे जायचं ते त्यांना ठरवू द्या. ज्याने एक सोमवार पाळला नाही त्याने 'काय आहे तिथं' हे विचारू नये. कुतुबमिनार आमचा हुकला, हे दादाचं खरं आहे. अण्णांनी मात्र पुन्हा कधी कुतुबमिनारचं नाव काढलं नाही.

लहान मुलं असतील तर मोतीलाल नेहरू प्लेसवरचं शास्त्री स्मारक बरं. कर्ज काढून घेतलेली त्यांची फियाट तिथे ठेवली आहे. राहिलेलं कर्ज त्यांच्या मागे ललिता शास्त्रींनी फेडलं. पण दिल्लीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. घाटावर २ ऑक्टोबर आणि ११ जानेवारीला सकाळी नेतेमंडळी येतात, बंदोबस्त असतो. त्या दोन दिवशी दुपारनंतर जा.