एकच पगार, 30 लाखांचं गृहकर्ज, 20 वर्षं. फिक्स (न बदलणारा) व्याजदर घ्यावा की फ्लोटिंग (वरखाली होणारा)?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला फ्लॅट आणि घरात अंबडच्या कंपनीतला एकच पगार, असं तुम्ही लिहिलंय. अशा घराला फिक्सची ओढ वाटणारच, आणि त्यात चूक काही नाही.

फ्लोटिंगचा फटका आकड्यात बघा. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला. बँकांची ऑक्टोबर 2019 नंतरची फ्लोटिंग गृहकर्जं बहुतेक रेपोलाच जोडलेली, त्यामुळे ही वाढ सरळ कर्जदारावर आली. 7 टक्क्यांनी 30 लाखांचा हप्ता साधारण 23,260 रुपये. कर्ज ताजं असतानाच दर 9.5 झाला, तर महिन्याचं नुसतं व्याजच 23,750! जुना हप्ता भरत राहिलात तर मुद्दल फिटायचं सोडून वाढत जातं. मग मुदत वाढवून भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो.

पण गृहकर्जात ‘फिक्स’ म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा पहिली 2 ते 5 वर्षंच फिक्स असतं, पुढे फ्लोटिंग. करारातलं रीसेटचं, म्हणजे दर कधी आणि कसा बदलेल याचं, कलम आधी शोधा. अख्ख्या मुदतीचं फिक्स मिळालंच तर महाग पडतं, कारण बँकेकडचा ठेवीचा पैसा बहुतांशी थोड्या वर्षांचा. 20 वर्षांची जोखीम ती फुकट घेणार नाही. 8 ऐवजी 9.5 टक्के म्हणजे तुम्हाला महिना सुमारे 2,870 रुपये जास्त.

मुदतीआधी फेडतानाही फरक पडतो. घरासाठीच्या वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर दंड लावता येत नाही, फिक्सवर लागू शकतो. 25 लाख बाकी असताना 2 टक्के दंड म्हणजे 50 हजार, वर जीएसटी.



तुमच्या जागी मी फ्लोटिंग घेईन, पण 2 टक्के जादा दराचा हप्ता झेपतो का हे आधी तपासून. झेपत असेल तर तेवढाच हप्ता पहिल्यापासून भरा, जादा रक्कम मुद्दलात वळती करायला सांगा. झेपत नसेल तर कर्जच कमी घ्या. सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाचा दर, शुल्कं आणि अटी एकत्र देणारा कागद) मागा, आणि फ्लोटिंगवरून फिक्सवर जाता येतं का, येत असेल तर किती वेळा, दर वेळी शुल्क किती, हे लेखी घ्या.