सोलापूरहून फोन आला, तर आधी वेळ विचारा

"बाबांच्या अंगावरून वारं गेलंय." सोलापूरकडचा फोन बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू, आणि डॉक्टरांच्या कागदावर स्ट्रोक लिहिलेलं असतं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेला मुलगा सर्वांत आधी विमानाची तिकिटं बघायला लागतो. तिकीट दोन तासांनी काढलं तरी काही बिघडत नाही. त्याआधी एवढंच विचारा: "शेवटचे नीट बोलले, चालले ते किती वाजता?"

"कधी लक्षात आलं" हा वेगळा प्रश्न आहे. सकाळी सहाला उठताना हात हलेना असं दिसलं, तर घड्याळ सहापासून धरत नाहीत. रात्री दहाला धडधाकट झोपले असतील तर ते दहापासून धरतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. इथे लांब बसलेल्या माणसाचा खरा उपयोग होतो. घाबरलेल्या आईला वेळ आठवत नाही, पण तुमच्या फोनवर बाबांशी झालेल्या कॉलची नोंद असते. फक्त ती वेळ तुमच्या गावची असते. न्यू जर्सीचं घड्याळ सोलापूरच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. लंडनचं साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. बदलून सांगा. (फॉरवर्ड केलेला "शुभ सकाळ" पुरावा म्हणून धरू नका. तो एका बोटाने जातो. बोललेलं असेल तर गोष्ट वेगळी.) वेळ कळलीच नाही तरी न्यायला उशीर करू नका. काही रुग्णांत विशेष स्कॅन बघून उपचार करता येतात.

शंका असेल तर व्हिडिओवरच तपासा. हसायला सांगा आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळते का बघा. दोन्ही हात समोर उचलून दहा आकडे मोजेपर्यंत धरायला सांगा. एक हात हळूहळू खाली येतो का बघा. मग म्हणायला लावा, "सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा". सोलापूरच्या माणसाला हे शब्द झोपेतही येतात. ते लडबडले किंवा भलतेच आले, तर वाट बघू नका. अचानक तोल जाणं आणि अचानक दिसेनासं होणं हीसुद्धा स्ट्रोकचीच लक्षणं. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघून घ्या, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. मात्र मशीन शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका.

दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तर घरचे म्हणतात, "आलं आणि गेलं." हा छोटा झटका म्हणजे मोठ्याची आगाऊ सूचना असते आणि पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता घरच्यांनी काय करायचं नाही, कारण नुकसान इथेच जास्त होतं. तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर घोट फुप्फुसात जातो. अॅस्पिरिन नाही, कारण बहुतेक स्ट्रोक गुठळीचे असले तरी उरलेल्यांत मेंदूत रक्तस्राव असतो आणि तो कोणता हे सीटी स्कॅनशिवाय कुणीच सांगू शकत नाही. बीपी 190 दिसलं म्हणून जिभेखाली गोळी नाही. अडलेल्या जागेपलीकडे रक्त पोचावं म्हणून त्या वेळी शरीरच दाब वाढवतं, तो एकदम पाडला तर मेंदूचा आणखी भाग जातो. आणि पारव्याचं रक्त चोळणं, कुठल्यातरी गावचं औषध आणणं यात तर सगळे तास जातात. शेजारची आजी प्रेमानेच सांगत असते. तिच्याशी वाद घालू नका, गाडी काढायला सांगा.

108 ला फोन घरूनच करावा लागतो, परदेशातून तो नंबर लागत नाही. म्हणून दोन शेजाऱ्यांचे मोबाइल आणि ठरवलेल्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागाचा नंबर तुमच्याजवळ हवा. लँडलाइन असेल तर परदेशातून +91 217 लावून पुढचा नंबर. 0217 मधलं शून्य गाळायचं. गडबडीत नेमकं तेच चुकतं.

दवाखाना मात्र आजच ठरवा. जवळचा दवाखाना योग्यच असेल असं नाही. फोन करून तीन गोष्टी विचारा. रात्री दोनलाही सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवायचं औषध, म्हणजे अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, दवाखान्यातच ठेवलेलं असतं का? ते द्यायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टर रात्री किती वेळात येतो? "आणून देऊ" असं उत्तर आलं तर पुढचं नाव बघा. मोठी गुठळी तारेने ओढून काढतात. ते साधारण सहा तासांत करतात, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत. ती सोय शहरात कुठे आहे तेही विचारून ठेवा. पुण्याला न्यायची वेळ आली तर अंतर सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास रस्त्यावर. त्यामुळे इंजेक्शन देण्यासारखं असेल तर ते सोलापुरात घेऊन मगच निघायचं. "पुण्यालाच दाखवू" म्हणून थेट हायवे धरला तर इंजेक्शनची वेळ टेंभुर्णी-इंदापूरच्या आसपास कुठेतरी संपून जाते.

इंजेक्शनआधी संमती मागतात, आणि घड्याळ इथे पुन्हा अडकतं. "मुलाला विचारून सांगतो", आणि मुलगा अमेरिकेत झोपलेला. त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात सहाच्या आसपास धरतात, हे आईला आणि भावाला आजच समजावून सांगा. डॉक्टर द्या म्हणाले तर माझ्यासाठी थांबू नका, हेही स्पष्ट सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात: रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा. 70 आणि त्यापुढच्या वयाच्यांना केंद्राच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण योजनेत असलेल्या दवाखान्यातच. कार्ड आधीच काढून ठेवा.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न असतो जेवणाचा, आणि सोलापूरच्या ताटात तो जास्तच अवघड होतो. कडक भाकरी आणि शेंगाची कोरडी चटणी ही जोडी गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी सर्वांत वाईट, कारण भुकटी आणि चुरा घशात पसरतो. म्हणून घरचे प्रेमाने भाकरी ताकात कुस्करून देतात. तेही चुकतं. पातळ ताक आधी घसरतं, चोथा तोंडातच राहतो, आणि लुळ्या घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. एकजीव पदार्थ चालतो: घोटलेली मुगाची खिचडी, दाट पिठलं, कुस्करलेलं केळं. जेवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघा, तिथे घास साठलेला असतो. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना ठसका लागतो किंवा आवाज घोगरा, ओलसर येतो, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. साधं पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागेल का, ते तीच सांगते. असं पाणी माणूस कमी पितो, म्हणून एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात किती प्यायलं ते लिहून ठेवा.

दुसरी चूक खांद्याची. उठवताना लुळा हात धरून ओढला की खांदा सांध्यातून उतरतो, आणि पुढे ते दुखणं व्यायामच बंद पाडतं. कंबरेला पट्टा बांधा आणि तिथे धरा. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. बसल्यावर तो हात लोंबकळू न देता उशीवर ठेवा. घरातच असलेल्या सोलापुरी टॉवेलचा एक व्यायाम होतो. टेबलावर टॉवेल पसरायचा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून त्यावर ठेवायची, आणि टॉवेल पुढे सरकवून मागे आणायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, दुखेल तिथे थांबायचं. मऊ बॉल दाबत बसण्यात फारसा अर्थ नाही. मूठ आपोआप वळतेच, कष्ट उघडायला पडतात. अंथरुणातच असतील तर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा.

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यानंतर ती मंदावते, पण थांबत नाही. म्हणूनच आमचं स्पष्ट मत: पहिल्या तीन महिन्यांत वडिलांना तुमच्याकडे आणू नका. लांबचा विमानप्रवास, एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म, जुना आजार बहुतेक वेळा वगळणारा प्रवासी विमा, आणि तिथे महागडा फिजिओ. हेच पैसे सोलापुरात रोजच्या फिजिओथेरपिस्टला आणि रात्रीच्या मावशीला द्या. मावशी ब्युरोतून येते, पण उठवण्या-बसवण्याचं तंत्र तिला येतंच असं नाही. पहिल्या दिवशी फिजिओसमोर तिच्याकडून करून घ्या.

औषधं परदेशातून पाठवू नका. तुमची 81 मिलिग्रॅमची अॅस्पिरिन तिथल्या, 75 मिलिग्रॅम अॅस्पिरिन आणि दुसरं औषध एकत्र असलेल्या गोळीबरोबर नकळत चालू राहते, आणि मग पोटातून रक्त जाऊ शकतं. दुसऱ्या झटक्याचं नेहमीचं कारण मात्र उलटं असतं. बीपी 130 वर 80 आलं, म्हणून "आता कशाला" म्हणत गोळी बंद होते. गोळीमुळेच ते तिथे आलेलं असतं. दंडाचं मशीन घ्या, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा. मीठ दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत, चटणी, पापड, लोणचं धरून. विडी बंद, आणि मिश्रीसुद्धा तंबाखूच.

घरी राहिलेल्या भावाला रोज "आज काय फरक?" विचारू नका. तो धावपळीत थकलेला असतो. औषधं मागवणं, डॉक्टरांच्या तारखा, बिलं ही कामं तुम्ही घ्या. रडू अनावर होणं, गप्प होऊन बसणं हे स्ट्रोकनंतर तिघांतल्या एकाला होतं. त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

बोलणं गेलं असेल तर व्हिडिओवर फोन चांगल्या बाजूला धरायला सांगा, कारण दुसऱ्या बाजूचं त्यांना दिसतच नसेल. हो-नाहीचे प्रश्न विचारा, एका वेळी एकच, आणि उत्तराला दहा सेकंद द्या. वाक्य तुम्ही पुरं करू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात आजोबा लहानपणी तेलुगू बोलले असतील, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या नातेवाइकांशी कानडी. कोणती भाषा आधी परत येईल याचा नेम नसतो. मराठीत अडलेला शब्द तेलुगूत आला तर तो घ्या, आणि कोणत्या भाषेत काय आलं ते वहीत लिहून स्पीच थेरपिस्टला दाखवा.