औषधांच्या लेखात हात घालण्याआधी

फार्मसी शिकता शिकता विकिपीडियावर औषधांचे लेख मराठीत लिहायचे म्हणताय, वाचून फार बरं वाटलं. माणसं हवीच आहेत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. डोस लिहू नका. ‘दिवसातून दोन गोळ्या’ वाचून कुणीतरी घरच्या घरी घेईल. औषध कशावर, कसं काम करतं आणि दुष्परिणाम कोणते, एवढं पुरे.

२. एककं बोट ठेवून वाचा. थायरॉक्सिन या थायरॉइडवरच्या औषधाच्या एका मजकुरात ५० मायक्रोग्रॅमचं ५० मिलिग्रॅम झालेलं मला सापडलं होतं. हजारपट फरक! दादरला उतरून दुकानात बाटलीवरचं लेबल पाहिलं आणि मगच दुरुस्ती केली. ‘मिग्रॅ’ असली आखूड रूपं टाळा, ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहा.

३. इंग्रजी लेख जसाच्या तसा उतरवू नका. अमेरिकेतलं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. नवे लोक इथेच फसतात, एकाच औषधाचे दोन लेख होतात. नियमही देशागणिक बदलतात: निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे.

संदर्भ म्हणून उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी किंवा कंपनीची जाहिरात चालत नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा शोधा.

साचे (लेखात टाकायच्या तयार चौकटी), वर्ग (लेखांची विषयवार गटवारी) वगैरे नंतर बघू. आधी एकच छोटा लेख घ्या, त्यातलं एक वाक्य संदर्भासकट दुरुस्त करा आणि मला दाखवा, मी शब्दन्‌शब्द तपासून देईन.