शेताला लागून असलेल्या खासगी झाडीची विरळणी कधी करावी आणि तिचे उत्पन्न शेतीच्या हिशेबात धरावे का?

विरळणीची, म्हणजे दाट झाडीतली काही झाडे तोडून उरलेल्यांना जागा करून देण्याची, वेळ झाडांच्या वयावरून न ठरवता त्यांच्या माथ्यांवरून, म्हणजे फांद्या-पानांच्या विस्तारावरून ठरवावी. माथे एकमेकांना भिडून खालच्या फांद्या वाळू लागल्या आणि हिरवा पर्णसंभार खोडाच्या एकूण उंचीच्या एक तृतीयांशाजवळ आला, की उशीर होत चालला आहे असे समजावे. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर टेपने घेर मोजून त्याला 3.14 ने भागले, की व्यास मिळतो. 20 मीटर उंचीच्या झाडाचा व्यास जेमतेम 20 सेंटीमीटर भरत असेल, तर ते झाड उंचीच्या मानाने फार सडपातळ आहे; अशा झाडीत एकदम मोठी तोड केल्यास उरलेली झाडे वाऱ्याने आडवी होण्याचा धोका असतो, म्हणून थोडी थोडी, काही वर्षांच्या अंतराने विरळणी करावी. वाकडी, रोगट आणि शेजारच्या झाडांच्या सावलीत दबून खुंटलेली झाडे आधी काढावीत. चांगली झाडे विकून निकृष्ट मागे ठेवण्याचा मोह व्यापाऱ्यांच्या बोलण्यातून हमखास होतो, तो टाळावा.

हिशेब मात्र वेगळाच ठेवावा. उभी झाडे हे भांडवल आहे. त्यांच्या विक्रीचा पैसा बियाणे-खतांच्या चालू खर्चात मुरला, तर शेती तोट्यात असूनही नफ्यात दिसते. तोडणीपूर्वी परवानगीची चौकशी करावी, झाडांवर खुणा स्वतः कराव्यात आणि तोडलेले लाकूड ओढून बाहेर काढण्याचे काम जमीन कोरडी असतानाच करावे, कारण ओल्या मातीवरून अवजड यंत्रे गेल्यास ती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.